बाई कळवणार आहेत

३ मार्च, मंगळवार. दुपारी.

मुलाखत उत्तम झाली. इतकी उत्तम की अर्ध्यातच संपली. फर्निचर कंपनीच्या चष्मेवाल्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले, बाकीचे विचारायची त्यांना गरजच वाटली नसावी. पहिला प्रश्न: आधीची नोकरी का सोडली. मी सांगितलं, मी गादीच्या कारखान्यात तपासनीस होतो. प्रत्येक गादी मुठीने दाबायची, कडेची शिलाई बोटांनी चाचपायची आणि मग पास करायची. आता तिथे ते काम मशीन करतं, आणि मशीनच्या हाताखाली काम करणं माझ्या स्वभावात बसत नाही. (मशीनच्या हाताखाली जागाही नव्हती. पण तो तपशील झाला.)

दुसरा प्रश्न: इंग्रजी कसं आहे. मी इंग्रजीतच उत्तर दिलं. म्हटलं, व्हेरी.

बाई हसल्या. उठल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "वी विल गेट बॅक टू यू."

बसस्टॉपपर्यंत तरंगत आलो. विल म्हणाल्या. मे नाही, शुड नाही. विल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

संध्याकाळी.

हिला फोन केला. ही सध्या थोरल्या बहिणीकडे असते. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मदतीला गेली होती. गुडघा केव्हाच जिने चढायला लागला, ही मात्र अजून तिथेच. साडूंचं पडद्यांचं दुकान आहे, तिथे तिने शिलाईचं काम धरलं आहे. तात्पुरतं आहे. मी तसं विचारलेलं नाही, पण तात्पुरतंच आहे.

तिला सांगितलं, नोकरी जवळजवळ मिळाली. तिने विचारलं, जवळजवळ म्हणजे काय. म्हटलं, म्हणजे जवळ. आणखी जवळ. ती म्हणाली दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. एवढ्या संध्याकाळी कोण दूध तापवतं?

४ मार्च, बुधवार.

इंग्रजी पक्कं करायचं ठरवलं. रुजू झाल्यावर अडायला नको. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांकडे गेलो. त्यांच्याकडे उशीइतकी जाड डिक्शनरी आहे. 'गेट' हा एवढासा शब्द, पण पानंच्या पानं अडवून बसलाय. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, सगळं घराणंच. आपण फक्त 'गेट बॅक'वर बोट ठेवलं.

काय अर्थ आहेत! परत येणे. हरवलेली वस्तू परत मिळवणे. पुन्हा कामाला लागणे. पुढे 'टुगेदर' लावलं तर दुरावलेल्यांनी पुन्हा एकत्र येणे. 'अ‍ॅट' लावलं तर सूड उगवणे. आणि 'टू' लावलं तर नंतर कळवणे.

माझ्या चालू आयुष्यातलं एकही खातं या क्रियापदाने सोडलेलं नाही. नोकरी, बायको, शत्रू. एकाच शब्दात सगळी व्यवस्था.

मास्तर चष्मा पुसत म्हणाले की शेवटच्या अर्थाच्या नादी फार लागू नका. दारापर्यंत सोडताना लोक जे बोलतात ते डिक्शनरीत सापडत नाही. मी म्हटलं, मग डिक्शनरी कशाला विकत घेतली? मास्तरांचं वय झालंय.

५ मार्च, गुरुवार.

छकुलीचा फोन. लेक आता नोकरी करते, दुसऱ्या शहरात भाड्याच्या खोलीत राहते, तरी माझ्यासाठी छकुलीच. तिची नोकरी फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. तिला बाईंचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, उच्चारासकट. ती बराच वेळ गप्प. मला वाटलं भारावली.

मग म्हणाली, "बाबा, मी दिवसभर हेच वाक्य म्हणते. आजपर्यंत एकालाही परत फोन केलेला नाही."

लेकीची कंपनी इतक्या हलक्या दर्जाची असेल असं वाटलं नव्हतं. ती दुसरीकडे अर्ज टाका म्हणत होती. एका ठिकाणी शब्द दिल्यावर दुसरीकडे कसा टाकणार? बाईंना कळलं तर?

९ मार्च, सोमवार.

फोन सतत जवळ. आंघोळीलाही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतो. आज साबण डोळ्यांत असतानाच वाजला. पिशवीची गाठ सुटेना. दातांनी फाडली. एक मुलगी गोड आवाजात विचारत होती, नवी गादी घ्यायची आहे का. आमच्याच कारखान्याची गादी! मी तसाच उभा राहून तिला कडेच्या शिलाईबद्दल चार प्रश्न विचारले. एकही उत्तर आलं नाही. शेवटी म्हणाली, विचारून कळवते.

म्हणजे आता दोन ठिकाणांहून फोन येणार आहे.

१० मार्च, मंगळवार.

'गेट बॅक अ‍ॅट'चा दिवस. शत्रू म्हणजे आमचे कारखान्यातले इस्त्रीसाहेब. मॅनेजर. अंगावरच्या शर्टाची कधी घडी मोडलेली नाही म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. मला घरी बसवणाऱ्या कागदावर त्यांचीच सही होती. तेव्हा काही बोलायला सुचलं नव्हतं, उलट मी थँक्यू म्हणालो होतो. आता सुचलंय. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. शेवटच्या वाक्याला माझाच मला धाक वाटला. भेटले की सोडत नाही.

१३ मार्च, शुक्रवार.

हिचा फोन, स्वतःहून! पहिल्याच घंटेला उचलला. तिला वाटलं मी दुसऱ्या कुणाच्या फोनची वाट बघत होतो. बायकांना कसं कळतं कोण जाणे.

बातमी अशी. साडूंना दुकानात माणूस हवाय. गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे नमुने दाखवायचे, पडदे लावून द्यायचे. हिने माझं नाव सुचवलं. साडू आधी हं हं करत होते. हिने पुन्हा विषय काढला, बहिणीलाही मध्ये घातलं, तेव्हा कुठे हो म्हणाले. मागची खोली रिकामी आहे, तिथे राहता येईल असंही ठरलंय. कुणाकडे काही मागताना हिचा आवाज बारीक होतो. हे सांगतानाही बारीकच होता.

मी समजावलं. एक म्हणजे मी बसण्याच्या वस्तूंतला माणूस आहे, लोंबकळण्याच्या वस्तूंतला नाही. दुसरं म्हणजे, मी तिथे शिडीवर चढलेला असताना बाईंचा फोन आला तर? ती म्हणाली, शिडीवरून उतरून घ्या. मी म्हटलं, विचार करतो. ती म्हणाली सोमवारपर्यंत सांगा, त्यांना फार थांबता येणार नाही.

म्हटलं, कळवतो.

१६ मार्च, सोमवार.

आज कळवणार होतो. मग विचार केला, सोमवारपर्यंत म्हटल्यावर नेमका सोमवारीच फोन करणं म्हणजे आपण अगदी अडलेले दिसतो. मंगळवारी करावा. जरा भाव राहतो.

१७ मार्च, मंगळवार.

आज कपडे धुवायचे होते.

१८ मार्च, बुधवार.

फर्निचर कंपनीच्या बाजूला सहज गेलो. दोन बस बदलून, पण सहज. म्हटलं बाईंना दिसलो तर आठवण होईल.

स्वागतकक्षात त्यांच्याच कंपनीचे सोफे मांडलेत. फोम बरा आहे, कडेची शिलाई ढिली. मी रुजू झालो की पहिलं हे बघणार. शिलाई चाचपताना वर पाहिलं तर समोरच्या सोफ्यावर इस्त्रीसाहेब! मांडीवर फाइल, तिच्यावर दोन्ही हात, शाळेच्या पहिल्या दिवशी बसतात तसे. मशीनने मॅनेजरही खाल्ला म्हणे.

आलेली संधी. भाषण तोंडपाठ. मी उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, इथे प्यायचं पाणी कुठे मिळेल. त्यांचे ओठ खरंच सुकले होते. मी कोपऱ्यातल्या कूलरमधून ग्लास भरून आणला. पाणी आणल्यावर लगेच सूड घेता येत नाही. पुढे ढकलला.

मग शेजारी बसलो. त्यांनी विचारलं तुम्हाला इथे काय सांगितलं. मी छाती काढून वाक्य म्हटलं. ते ग्लासाच्या तळाशी बघत म्हणाले, त्यांनाही सगळीकडे तेच सांगतात. हे वाक्य कानावर पडलं की ते जिना उतरायच्या आत पुढच्या ठिकाणचा विचार सुरू करतात. इतका शिकलेला माणूस, पण कॉन्फिडन्स बघा. कीव आली.

त्यांना हसवावं म्हणून साडूंच्या नोकरीचा किस्सा सांगितला. मी, आणि पडद्यांची मापं! शिडी, टेप, सगळी नक्कल करून दाखवली. ते हसले नाहीत. दुकान कुठे आहे विचारलं. मी पत्ता सांगितला, चौकातून कुठे वळायचं तेही सांगितलं. त्यांनी दोनदा आभार मानले. उठताना गुडघ्यावरची सुरकुती हाताने साफ केली. शर्टाच्या कॉलरची कड मात्र विरली होती. माझ्या बोटांना दुरूनही कळतं.

२४ मार्च, मंगळवार.

भाव पुरेसा राहिला असं वाटून आज हिला फोन लावला. म्हटलं, बाईंचा फोन येईपर्यंत मधल्या काळापुरता साडूंना हातभार लावायला माझी हरकत नाही.

ती म्हणाली जागा भरली. गुरुवारी एक गृहस्थ स्वतःहून दुकानात आले. फार नीटनेटके, बोलायला मऊ. आल्या आल्या शोकेसमधल्या पडद्याच्या चुण्या सरळ केल्या. साडूंनी तिथल्या तिथे ठेवून घेतलं. मी विचारलं, शर्टाला इस्त्री कडक होती का. ती म्हणाली, तुम्हाला कसं माहीत?

म्हटलं, ओळखीचे आहेत. मग तिने विचारलं, तुम्ही पाठवलंत त्यांना? म्हटलं, एका अर्थी.

याकडे दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. ज्याने मला नोकरीवरून काढलं त्याला मी नोकरीला लावलं. म्हणजे आता साहेब कोण?

दुसऱ्या बाजूने फार वेळ बघवलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार.

कंपनीला फोन केला. तगादा नाही, नुसती चौकशी. आधी संगीत लावलं. चांगलं होतं. मग एक नवखी वाटणारी मुलगी आली. तिने नाव लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं, चुकलं होतं, पुन्हा लिहिलं. म्हणाली मॅडमना विचारून नक्की कळवते. 'नक्की' हा शब्द बाईंनीही वापरला नव्हता. प्रगती आहे.

७ एप्रिल, मंगळवार.

नोकरीचं मार्गी लागल्यात जमा आहे. आता घर. 'गेट बॅक टुगेदर'. मराठीत लिहायला बसलो तर सुचेना. मराठीत 'परत ये' लिहिलं की माणूस फार उघडा पडतो. इंग्रजीत बरं असतं, अंगावर कोट घातल्यासारखं. तिला मेसेज पाठवला: लेट अस गेट बॅक. टुगेदर मुद्दाम गाळलं. नवराबायकोत तेवढं समजून घ्यायचं असतं.

८ एप्रिल, बुधवार.

तिचा फोन. झालं असं की हिला इंग्रजी येत नाही, तिने तो मेसेज साडूंना दाखवला. साडूंचं इंग्रजी कापडाच्या लेबलाएवढं. त्यांनी गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचून अर्थ सांगितला: आमचं आम्हाला परत करा.

ती म्हणाली, मी तुमचं काही आणलेलं नाही. अंगावरचे कपडे आणि एक बॅग घेऊन आले होते. उलट जे माझं आहे ते तिथेच राहिलंय. रविवारी येते.

मी शब्द न् शब्द लिहून ठेवतोय. जे माझं आहे ते तिथेच राहिलंय. याचा दुसरा काय अर्थ होणार? आवाजही जरा भरून आल्यासारखा होता. अर्थ चुकला, पण निरोप पोचला. यालाच भाषेचं सामर्थ्य म्हणतात.

११ एप्रिल, शनिवार.

घर आवरलं. कोपऱ्यातले पेपर, बेसिनचे डाग, सगळं. पडदे धुतले. गरम पाण्यात टाकल्याने आखडले, आता खिडकीच्या अर्ध्यावरच थांबतात. तिला गंमत वाटेल, ती खाली कापड जोडून देईल. तिचं शिलाई मशीन पुसून खिडकीशी ओढलं, उजेडात. तिची बाजू म्हणून गादीची भिंतीकडची बाजू झटकली. गादी मुठीने दाबून पाहिली. मध्ये खड्डा पडलाय. दुसऱ्याची असती तर मी नापास केली असती.

ब्रेड, अंडी, बटाटे, तिला आवडणारा चहा आणला. मास्तरांना सांगितलं, उद्या येतेय. ते म्हणाले छान, छान.  डिक्शनरी मात्र उघडली नाही.

१२ एप्रिल, रविवार. संध्याकाळी.

ती आली.

सकाळी खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर छोटा ट्रक. दुकानाचं नाव लिहिलेला. म्हटलं सामान बरंच घेऊन येतेय. धावत खाली गेलो. मागे फळी उघडली तर ट्रक रिकामा. दोऱ्या आणि जुन्या चादरी तेवढ्या.

पुढून ती उतरली. दुसऱ्या बाजूने इस्त्रीसाहेब. खांद्याला मोजायची टेप, शर्ट नेहमीसारखा. त्यांनी मला नमस्कार केला, मीही केला. ते जिन्यात मागेच राहिले, आम्हाला पुढे जाऊ दिलं. वागायला चांगला आहे माणूस.

वर आल्यावर ती आधी घरभर फिरली. आवरलेलं तिच्या लक्षात आलं. पडद्यांशी थांबली, कड हातात घेतली, सोडून दिली. मी चहा टाकला. तोवर तिने मशीनचं डोकं खाली दुमडून झाकण लावलं होतं. मग कपाटातले तिचे कपडे. प्रेशर कुकर, तो तिच्या आईने दिलेला. भिंतीवरचा उभा आरसा. एकेक वस्तू उचलताना मला विचारत होती, हे नेऊ ना? मी प्रत्येक वेळी ने म्हणत होतो. नको कसं म्हणणार, सगळं तिचंच होतं.

मशीन जड. इस्त्रीसाहेब एकटे उचलायला लागले तेव्हा बघवेना. दुसरी बाजू मी धरली. जिन्याच्या वळणावर ते मला सांगत होते, हळू, तुमच्याकडे भिंत आहे. ट्रकमध्ये चादरीत गुंडाळून दोरी मीच बांधली. माझी गाठ सुटत नाही.

चहा निवला होता. तो त्या दोघांनी उभ्यानेच प्यायला. इस्त्रीसाहेब कप विसळून ठेवून खाली गेले. ती दारात थांबली. पदराशी नाही, पर्सच्या बंदाशी खेळत होती. आवाज बारीक झाला.

"ट्रकमध्ये पुढे तिघांची जागा आहे," ती म्हणाली. "मागची खोली अजून रिकामीच आहे. दुकानात गठ्ठे लावायला माणूस लागतो. मी विचारलंय त्यांना. येताय का?"

पुन्हा विचारलं होतं तिने. माझ्यासाठी. पुन्हा कुणाचं तरी हं हं ऐकून घेतलं असणार.

मला हो म्हणायचं होतं. हे इथे लिहून ठेवतो, कारण तेव्हा दिसलं नसणार. हो अगदी ओठांवर होतं. पण खाली तो बसलेला, मी पाय आखडून त्याच्या शेजारी बसणार, उद्यापासून तो सांगेल ते गठ्ठे उचलणार. शिवाय कंपनीकडे हाच पत्ता दिलाय. पत्र आलं आणि दाराला कुलूप असलं तर? मी खिशातला फोन काढून बघितला. कुणाचाही नव्हता.

म्हटलं, तुला कळवतो.

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. रागावली असती तर बरं झालं असतं.

"नका कळवू," ती म्हणाली.

आणि जिना उतरली. कठड्याला हात न लावता, सावकाश.

१३ एप्रिल, सोमवार.

भिंतीवर आरशाच्या जागी चौकोन उमटलाय. दाढी स्टीलच्या ताटात बघून केली. कापलं.

१६ एप्रिल, गुरुवार. सकाळी.

फोन आला. फर्निचर कंपनीचा. ती नवखी मुलगी. खरंच विचारून कळवलं तिने. आवाजात भीती होती, बहुतेक असे फोन करायचे नसतात हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. म्हणाली, सर, मॅडमना विचारलं. ती जागा फेब्रुवारीतच भरली होती.

माझी मुलाखत मार्चमध्ये झाली.

म्हटलं, कळवल्याबद्दल आभारी आहे. ती म्हणाली, सॉरी सर. मग तिच्या मागून कुणीतरी काहीतरी बोललं आणि फोन बंद झाला.

शब्द पाळला म्हणायचा. मास्तरांना सांगायला खाली गेलो. त्यांच्या दारापर्यंत गेलो. आतून रेडिओ ऐकू येत होता. बेल न वाजवता परत आलो.

दुपारी.

हिला फोन लावायचा विचार केला. आधी काय म्हणायचं ते ठरवावं. मराठीतच म्हणायचं, एवढं ठरलं.

१७ एप्रिल, शुक्रवार.

लावला. दुकानाच्या नंबरावर. इस्त्रीसाहेब होते. म्हणाले, बाई गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेल्यात. शिडीवर असतील. मी विचारलं, गठ्ठ्यांच्या कामाचं काय झालं.  ते फार मऊ आवाजात म्हणाले की कालच एक जण लागला. माझा निरोप देऊ का, विचारलं.

म्हटलं, काही विशेष नाही.

२० एप्रिल, सोमवार.

छकुलीचा फोन. जेवलात का विचारलं. हो म्हटलं. काय जेवलात विचारलं. मी म्हटलं, आवाज येत नाही.

आवाज स्वच्छ येत होता.